मागचे आकडे बघून टीम लावली, तरी पॉइंट बेंचवरच का राहतात?

नाशिकमधल्या आम्हा बारा जणांची फँटसी प्रीमियर लीगची (एफपीएल) एक छोटी लीग आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलमधले पंधरा खरे खेळाडू ठरलेल्या बजेटमध्ये निवडायचे, दर फेरीला म्हणजे गेमवीकला अकरा खेळवायचे आणि चार बेंचवर बसवायचे. खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवर त्या अकरांचे पॉइंट मिळतात, कॅप्टनचे दुप्पट. कोणी सातपूरला शिफ्टमध्ये काम करतं, कोणी कॉलेज रोडला शिकतं, मी इंदिरानगरला अकाउंट्सचं काम करते. पैसे कोणी लावत नाही. एफपीएलला प्रवेश फी नाहीच, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा कायदा आल्यापासून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ देशात बंदच झालेत. हंगामाअखेर जो तळाला राहील त्याने सगळ्यांना मिसळ खिलवायची, एवढीच आमची पैज.

गेमवीक संपला की ग्रुपवर कोणाची ना कोणाची तीच तक्रार येते. मागच्या आठवड्यात भाच्याचा मेसेज आला, "मावशी, तीन तास आकडे बघून टीम लावली. कॅप्टन 2, बेंचवर 19." खाली स्क्रीनशॉट. त्याने आकडे बघितले होते, हे खरंच आहे. मागच्या हंगामाचे एकूण पॉइंट, चालू फॉर्म, पॉइंट पर मॅच, सगळं एका शीटमध्ये उतरवलेलं. शीट चुकीची नव्हती. त्या शीटमधून त्याला जे हवं होतं ते त्या रकान्यांत नव्हतं.

मी स्वतः दोन हंगाम याच जागी अडकले होते. तेव्हापासून दर आठवड्याला वहीत लिहून ठेवते, कोणाला का खेळवलं, कोणाला का बसवलं आणि नंतर काय झालं. त्या वहीतून चुकीच्या ज्या जागा परत परत समोर आल्या, त्या इथे सांगते. क्रम माझा आहे, आणि तो मुद्दाम असा लावला आहे. पहिलीच जागा तपासली तरी अर्ध्या तक्रारी मिटतात.

आधी मिनिटं बघा, पॉइंट नंतर

एफपीएलमध्ये खेळाडू मैदानात उतरला की 1 पॉइंट, 60 मिनिटं पूर्ण केली की 2. डिफेंडर किंवा गोलकीपरला क्लीन शीटचे 4 मिळतात तेही 60 मिनिटं झाली तरच. म्हणजे 58 व्या मिनिटाला बाहेर काढलेला डिफेंडर, त्याच्या टीमने एकही गोल खाल्ला नाही तरी, 1 वर राहतो आणि त्याच्या शेजारचा 6 घेऊन जातो.

आता एफपीएलच्या साइटवरचा "पॉइंट पर मॅच" हा रकाना बघा. ती सरासरी फक्त खेळाडू ज्या सामन्यांत उतरला त्यांचीच असते. सहा सामन्यांपैकी तीन बेंचवर बसून काढले आणि तीनांत 6, 6, 6 मिळवले, तर रकान्यात 6 दिसतात. तुमच्या टीममध्ये मात्र त्याने सहा आठवड्यांत 18 दिले, म्हणजे आठवड्याला 3. भाच्याच्या शीटमध्ये वरच्या दहातले तीन जण अशाच प्रकारचे होते.

याहून त्रासदायक प्रकार म्हणजे 85 व्या मिनिटाला उतरणारा खेळाडू. तुमच्या अकरातला खेळाडू शून्य मिनिटं खेळला तर बेंचवरचा आपोआप आत येतो. पण तो एक मिनिट जरी मैदानात आला, तर त्याचा 1 पॉइंट मोजला जातो आणि बेंचवरचे 9 बेंचवरच राहतात. "बेंचवर पॉइंट पडून राहिले" या तक्रारीतल्या बऱ्याचशा घटना मी वहीत शोधल्या तेव्हा याच निघाल्या. पूर्ण बसलेला खेळाडू परवडतो, शेवटची पाच मिनिटं उतरणारा परवडत नाही.

2022-23 पासून प्रीमियर लीगमध्ये तीनऐवजी पाच बदली खेळाडू उतरवता येतात. त्यामुळे पुढच्या फळीतल्या आणि विंगवरच्या खेळाडूंना साठ-सत्तर मिनिटांनंतर काढणं मॅनेजरना सोपं झालं. त्याआधीच्या हंगामांतली मिनिटं आजच्या मिनिटांशी ताडून बघताना हे लक्षात ठेवा. सेंटरबॅक (मधले डिफेंडर) आणि गोलकीपर यांना त्याचा फारसा फरक पडत नाही.

माझी पद्धत साधी आहे. मागच्या सहा लीग सामन्यांसाठी सहा चौकोन काढते. सुरुवातीपासून खेळून साठ मिनिटं ओलांडली तर चौकोन पूर्ण भरते, त्याआधी काढलं किंवा नंतर उतरवलं तर अर्धा, बसला तर रिकामा. पाच किंवा सहा चौकोन भरलेले असतील तोच माझ्या अकरात येतो. चार भरलेले असतील तर त्याच आठवड्यात मंगळवारी, बुधवारी किंवा गुरुवारी त्या क्लबचा युरोपातला सामना आहे का ते बघते. चॅम्पियन्स लीगचे सामने हिवाळ्यात आपल्याकडे रात्री दीड वाजता सुरू होतात, म्हणून आपण ते बघत नाही आणि शनिवारी तो खेळाडू बेंचवर का बसला याचं आश्चर्य करत राहतो. बुधवारी तो पूर्ण 90 मिनिटं धावलेला असतो.

दुखापतीचं वेगळं बघावं लागतं. साइटवर खेळाडूच्या नावाजवळ तो खेळण्याची शक्यता दाखवणारी 75, 50 किंवा 25 टक्क्यांची खूण येते. 50 टक्के दिसलं की माझ्या हिशेबात तो बसलेलाच. त्या पन्नास टक्क्यांतून खेळला तरी पूर्ण वेळ खेळेल असं त्यात कुठेच म्हटलेलं नसतं.

एका हंगामाची बेरीज पुढच्या हंगामाला लावू नका

इथे थोडं थांबते, कारण गुणी माणसंही इथेच फसतात.

मोहम्मद सलाहचे लिव्हरपूलसाठीचे लीगमधले गोल 2017-18 पासून ओळीने लिहून बघा: 32, 22, 19, 22, 23, 19, 18, 29. आठ हंगाम, 184 गोल, सरासरी बरोबर 23. आता प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला "मागच्या वर्षी होते तितकेच होतील" असा अंदाज धरा. 2018-19 ला तुम्ही दहाने चुकता, 2024-25 ला अकराने चुकता. तेच हाताशी असलेल्या सगळ्या वर्षांची सरासरी धरली तर दोन्ही वेळा चूक कमी होते किंवा निदान वाढत तरी नाही. मोठ्या हंगामानंतर माणूस सरासरीकडे खाली येतो, फिक्या हंगामानंतर वर जातो, आणि दोन्ही वेळा आपण त्याच्या एफपीएलमधल्या किमतीकडे बघून उलटाच निर्णय घेतो.

लेस्टरचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत असलेलं. 2015-16 ला विजेतेपद, जेमी वार्डीचे 24 गोल, रियाद माहरेझचे 17. पुढच्या हंगामात वार्डी 13 वर आणि माहरेझ 6 वर आला, लेस्टर बाराव्या जागी राहिलं. यात दैवाचा भाग होताच, पण एक ठळक कारणही होतं. मधल्या फळीत चेंडू हिसकावून देणारा कांटे 2016 च्या उन्हाळ्यात चेल्सीला गेला होता. माहरेझच्या स्वतःच्या आकड्यांत कांटेचं नाव कुठेही नव्हतं. म्हणून मागच्या हंगामाचा रकाना भरण्याआधी मी एवढं विचारते: त्याच्या शेजारचे तेच आहेत का, मॅनेजर तोच आहे का, तो मैदानात त्याच जागी उभा राहतो का? 2024 च्या नोव्हेंबरमध्ये रुबेन अमोरिम मँचेस्टर युनायटेडला आले, तीन सेंटरबॅकची 3-4-2-1 ही मांडणी आणली, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमधले तिथल्या खेळाडूंचे आकडे बऱ्याच अंशी दुसऱ्याच टीमचे झाले.

"फॉर्म" हा रकानाही याच जातीचा आहे. तो म्हणजे मागच्या 30 दिवसांतल्या पॉइंटची सरासरी, त्यात तीन-चार, फार तर पाच-सहा सामने बसतात. समजा एका मिडफिल्डरचे सहा सामन्यांतले पॉइंट 2, 2, 15, 1, 2, 2 आहेत आणि दुसऱ्याचे 3, 5, 2, 7, 3, 4. दोघांची बेरीज 24, दोघांची सरासरी 4. शीटमध्ये दोघं शेजारी शेजारी येतात. पण पहिल्याने एका दुपारी दोन गोल केले, सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूंना मिळणारे तीन बोनस पॉइंट मिळवले आणि बाकी पाच आठवडे तुम्हाला काहीच दिलं नाही. दुसरा थोडं थोडं दर आठवड्याला देतो. अकरात कोण, हे ठरवायला सरासरी पुरत नाही, तो सहाचा ओळीतला तपशील बघावाच लागतो. आणि पहिल्याला लगेच काढूही नका. त्याचं काय करायचं ते पुढच्या तपासणीत कळतं.

गोलच्या मागे काय आहे

दिंडोरी तालुक्यात माझ्या काकांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीच्या आधी ते बागेतून काड्या कापतात, ओल्या कापडात गुंडाळतात आणि प्रयोगशाळेत नेतात. तिथे काडीवरचा एकेक डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आत घड आहे की नाही. कितव्या डोळ्यात घड सापडतो त्यावरून छाटणी कितव्या डोळ्यावर घ्यायची ते ठरतं. मागच्या वर्षी एकरी किती माल निघाला हे काकांच्या डायरीत लिहिलेलं असतंच, पण कात्री त्या आकड्यावर चालत नाही. या वर्षीचा घड एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी तयार होत असताना ऊन किती मिळालं, ढग किती राहिले यावर धरलेला असतो.

फुटबॉलमध्ये गोल म्हणजे निघालेला माल. मला डोळ्यातला घड बघायचा असतो, म्हणजे शॉट किती, त्यातले पेनल्टी बॉक्सच्या आतून किती, आणि एक्सजी किती. एक्सजी म्हणजे प्रत्येक शॉटची गोल होण्याची शक्यता मोजून त्यांची केलेली बेरीज. पेनल्टीची शक्यता जवळपास 0.8 धरतात, लांबून मारलेल्या शॉटची बहुतेकदा 0.05 च्याही खाली असते. साइटवर खेळाडूच्या आकडेवारीत हा रकाना आहे, वेगळं कुठे शोधायला नको.

आता वरच्या पहिल्या मिडफिल्डरकडे परत या. ज्या पाच सामन्यांत त्याने काही दिलं नाही त्यांत त्याने बॉक्सच्या आतून दर सामन्याला दोन-तीन शॉट मारले असतील, तर मी त्याला खेळवते. घड आहे, फक्त अजून दिसला नाही. पाच सामन्यांत मिळून दोनच शॉट असतील तर ते 15 पॉइंट एका दिवसाचे होते, त्याला बसवा. हा फरक शीटमधल्या पॉइंटच्या रकान्यातून कधीच कळणार नाही.

गोल आणि एक्सजी यांत मोठी तफावत दिसली की बहुतेकांच्या बाबतीत गोल एक्सजीकडे सरकतात. काही मोजके फिनिशर वर्षानुवर्षं एक्सजीपेक्षा जास्त गोल करत राहिले, सोन ह्युंग-मिन हे त्यातलं मोठं नाव. पण ती सवलत अनेक हंगामांचा पुरावा असेल त्यालाच द्यावी. आठ सामने चांगले गेले म्हणून कोणी सोन होत नाही.

पेनल्टी वेगळ्या काढून बघायला मात्र विसरू नका. कोल पामरने 2023-24 ला 22 गोल केले, त्यातले 9 पेनल्टीवर. पुढच्या हंगामात त्याचे 15 झाले. पेनल्टी कोण घेतो हे माहीत असणं फार मोलाचं, पण टीमला पेनल्टी किती मिळतील हे खेळाडूच्या हातात नसतं. म्हणून मी वहीत गोल दोन भागांत लिहिते, 13 + 9 असे. पहिल्या आकड्यावर टीम निवडते, दुसऱ्यावर कॅप्टन ठरवताना थोडा भार देते.

जुने पॉइंट जुन्या नियमांचे असतात

2025-26 पासून बचावाच्या कामाचेही पॉइंट मिळायला लागले. डिफेंडरने क्लिअरन्स (चेंडू दूर मारणं), ब्लॉक, इंटरसेप्शन आणि टॅकल मिळून एका सामन्यात 10 केले की 2 पॉइंट. मिडफिल्डर आणि फॉरवर्डला 12 लागतात, पण त्यांच्या मोजणीत बॉल रिकव्हरीही (सुटा चेंडू ताब्यात घेणं) धरतात. त्याआधीच्या हंगामांच्या एकूण पॉइंटमध्ये हे कुठेच नाही.

याचा परिणाम सगळ्यात जास्त दिसतो तो खालच्या क्लबांच्या सेंटरबॅकवर. त्यांच्या बॉक्समध्ये दिवसभर चेंडू येत असतो, क्लिअरन्सला तोटा नसतो. जुन्या बेरजेत असा माणूस गरीब दिसतो, कारण टीम गोल खायची आणि क्लीन शीट मिळायची नाही. उलट बलाढ्य क्लबचा फुलबॅक (कडेचा डिफेंडर) जुन्या बेरजेत श्रीमंत दिसतो, पण त्याला 10 पर्यंत पोहोचण्याइतकं बचावाचं काम फारसं पडत नाही. जुन्या हंगामाचा आकडा वापरायचाच असेल तर त्या हंगामात 10 किंवा त्याहून जास्त झालेले सामने मोजा आणि प्रत्येकी 2 मिळवा. एका खेळाडूला दहा मिनिटं लागतात. पंधराच्या पंधरांना करायची गरज नाही, तुमचे पाच डिफेंडर आणि नजरेत असलेले दोन-तीन पुरे.

खेळाडूचं वर्गीकरणही दर हंगामाला तपासा. गोलला डिफेंडरला 6, मिडफिल्डरला 5 आणि फॉरवर्डला 4 मिळतात. 2019-20 ला शेफील्ड युनायटेडचा जॉन लुंडस्ट्रम यादीत डिफेंडर होता, मैदानात मात्र मधल्या फळीत खेळायचा, आणि किंमत होती 4.0, म्हणजे अगदी स्वस्त. क्लीन शीटचे 4 आणि गोलचे 6 त्याला दोन्हीकडून मिळायचे. पुढच्या हंगामात यादीत तो मिडफिल्डर झाला आणि तो फायदा संपला. माणूस तोच, खेळ तोच, जुनी बेरीज मात्र कामाची राहिली नाही.

ते पॉइंट कोणासमोर मिळाले?

24 सप्टेंबर 2023 ला न्यूकॅसलने शेफील्ड युनायटेडला त्यांच्याच मैदानावर 8-0 ने हरवलं. आठ गोल, आठ वेगळे स्कोअरर, त्यात डॅन बर्न आणि स्वेन बोटमन हे दोन डिफेंडर. गोलचे 6, क्लीन शीटचे 4, खेळण्याचे 2, म्हणजे बोनस सोडून 12. न्यूकॅसलने त्या हंगामात लीगमध्ये 85 गोल केले, त्यातले 8 एका दुपारचे. आणि शेफील्ड युनायटेडने हंगामभरात 104 खाल्ले, 38 सामन्यांच्या हंगामातला तो उच्चांक.

म्हणून एखाद्याचे मागच्या सहा सामन्यांतले पॉइंट चांगले दिसले की मी समोरच्या टीमचं नाव शेजारी लिहिते. तळाच्या तीनांपैकी दोन त्यात असतील तर त्या दोन सामन्यांचे पॉइंट झाकून उरलेले चार बघते. त्या चारांतही काही असेल तर खेळवते. ही पद्धत ढोबळ आहे, पण आमच्या लीगमध्ये जे नेमाने वरच्या तीनात असतात ते सगळे या ना त्या रूपात हेच करतात, हे मी त्यांना विचारूनच सांगते.

चॅम्पियनशिपमधून (प्रीमियर लीगच्या खालची लीग) वर आलेल्या टीमच्या खेळाडूंचे तिथले आकडे मी बघतच नाही. 2023-24 ला वर आलेले बर्नली, ल्यूटन आणि शेफील्ड युनायटेड तिघंही त्याच हंगामात खाली गेले. 2024-25 ला लेस्टर, इप्सविच आणि साउदॅम्प्टन, तेही तिघं. खालच्या लीगमध्ये 20 गोल केलेला फॉरवर्ड वर आल्यावर किती करेल हे पहिले आठ-दहा सामने बघूनच ठरवावं.

मग नवे आणि जुने आकडे किती प्रमाणात?

हा प्रश्न भाच्याने विचारला, आणि तो रास्त आहे. पहिल्या पाच-सहा गेमवीकला मी मागच्या दोन हंगामांवर जास्त भरवसा ठेवते, कारण चालू हंगामाचा नमुनाच लहान असतो. साधारण दहा सामने झाले की निम्मं-निम्मं. जानेवारीनंतर मागचा हंगाम जवळपास सोडून देते, फक्त पेनल्टी कोण घेतो आणि दुखापतीचा इतिहास काय एवढं त्यातून घेते. मिनिटांच्या बाबतीत मात्र पहिल्या आठवड्यापासून चालू हंगामच, जुनं काही धरायचं नाही.

आणि एवढं करूनही बेंचवर 19 राहिले तर लगेच हिट घेऊन, म्हणजे जास्तीच्या प्रत्येक बदलासाठी चार-चार पॉइंट गमावून, टीम उलथवू नका. निर्णय बरोबर होता की नाही हे सहा आठवड्यांनी वही बघून ठरवा. बेंचचा क्रम मात्र दर आठवड्याला लावा. पहिल्या नंबरवर तोच ठेवा ज्याचे सहा चौकोन भरलेले आहेत, सगळ्यात भारी नाव असलेला नव्हे.

एक तपासणी आकड्यांची नाही, घड्याळाची आहे

टीम बरोबर लावलेली, पण सेव्हच झाली नाही, हेही आमच्या ग्रुपवर दर हंगामात दोन-तीनदा होतं. डेडलाइन गेमवीकच्या पहिल्या सामन्याच्या 90 मिनिटं आधी असते, आणि इंग्लंडचं घड्याळ वर्षातून दोनदा बदलतं, आपलं बदलत नाही. इंग्लंडच्या वेळेने शनिवारी दुपारी साडेबाराचा पहिला सामना असेल तर उन्हाळ्याच्या वेळेत आपली डेडलाइन दुपारी 3:30, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर 4:30. तिथल्या शुक्रवारी रात्री आठचा सामना असेल तर उन्हाळ्यात रात्री 11, हिवाळ्यात बरोबर मध्यरात्री 12. खरी गफलत मार्चच्या शेवटच्या रविवारनंतर होते, कारण पाच महिने 4:30 ची सवय झालेली असते आणि डेडलाइन तासभर अलीकडे येते. सातपूरच्या शिफ्टवाल्यांनी त्यासाठी गुरुवारीच टीम लावून सेव्ह करायची आणि शुक्रवारी मॅनेजरांच्या पत्रकार परिषदा झाल्या की फक्त दुखापतीचे बदल करायचे, असं ठरवलं आहे. मीही आता तेच करते.